धुक्यातली ‘मेरीगोल्ड’

ती. हेस्टर आत्येस,

आल्डनचा पोर्टलंडच्या धक्क्यावरून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी अगदी धडधाकट आहे (आणि याचीच मला लाज वाटते).

तू आपली ‘मेरीगोल्ड’ बोट लढाईपुरती आरमाराला दिलीस, पण आता तिला ओळखणार नाहीस. पांढरा रंग जाऊन ती राखाडी झालीय, आणि सहलीला तू फराळ मांडायचीस तिथे तोफ बसलीय (ती उडवली की खालच्या बशा फुटतात). बोट आपली म्हणून कप्तान मी. याहून दुसरी लायकी कुणी विचारली नाही.

मंगळवारी धुक्यात गस्त घालत होतो. एकाएकी समोरचं पाणी उसळलं आणि पाणबुडी वर आली, थेट आपल्या नाकासमोर. आमचा स्वयंपाकी थॅडियस, साठी उलटलेला माणूस, मासे तळायचे टाकून तोफेपाशी धावला आणि ओरडला, “साहेब, हुकूम द्या!” आत्या, मी हुकूम दिला नाही. तू भरतकाम केलेला पांढरा टेबलक्लॉथ मी काठीला बांधला आणि शरणागतीचा म्हणून फडकवला. पाणबुडीचं झाकण उघडून एक दाढीवाला बाहेर डोकावला. म्हणाला, “अहो, धुणं मग वाळवा! पोर्टलंड कुठल्या बाजूला ते सांगा आधी.” आपलीच होती गं, वाट चुकलेली.

थॅडियस माझ्याकडे न बघता खाली गेला. मासे करपले होते. तेच सगळ्यांनी खाल्ले.

आता वरच्या साहेबांचं म्हणणं असं, की धुक्यातही मी आपली पाणबुडी अचूक ओळखली आणि तोफ आवरून धरली. शनिवारी माझा सत्कार आहे. मी मान डोलावली. (ती कापून टाकावीशी वाटते.)

तुझा,
आल्डन

ता.क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून पुढचं लिहितो. सत्काराला थॅडियस मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता, अगदी मनापासून. ते मला बघवेना. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली.

ता.क. दुसरा. आता तोफेवर थॅडियस आहे आणि चुलीपाशी मी. तेव्हा मुख्य काम असं, की शिंपल्यांचं दुधातलं सूप तू कसं करतेस ते उलट टपाली कळव, आठ माणसांच्या बेतानं. माझ्या हातचं कालचं सूप समुद्रात गेलं. थॅडियसनं मात्र वाटी पुसून खाल्लं आणि म्हणाला, “छान झालंय, साहेब.”

अजून साहेब म्हणतो गं.