घड्याळात काय कमी आहे ते बघा

बाबा,

तुम्हाला फोन लावला तर तो तुमच्याच खोलीत वाजला, म्हणून लिहितोय. तुमच्या जुन्या गाडीचं डॅशबोर्डातलं घड्याळ मी न विचारता उघडलं. दुरुस्त करून तुमचा राग घालवावा, एवढंच मनात होतं. जरा पाठ वळली आणि छकुलीने टेबलावरचं काहीतरी तोंडात टाकलं. सारखी खोकतेय. तिला घेऊन दवाखान्यात चाललोय. काय गिळलं, असं डॉक्टर विचारतील आणि मला सांगता येणार नाही. ते घड्याळ फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. सगळे भाग टेबलावर आहेत. आल्याआल्या जोडून बघा. चाललं नाही तरी चालेल. आपलं बोलणं बंद आहे, तरी फोन करा. काही कमी नाही, एवढं तुमच्या तोंडून ऐकायचंय.