संगणक क्रमांक नऊचा पासवर्ड

प्रति,
मा. प्राचार्य,
कादवाई कन्या तंत्रशिक्षण संस्था,
द्वारका, नाशिक

विषय : संगणक क्र. ९ चा पासवर्ड मागितल्याबाबत.
संदर्भ : उपप्राचार्य श्री. खंडेराव निरगुडे यांचा दि. ११ मार्च २०२५ रोजीचा फोन.

महोदय,

१) अर्जदार फलक मुस्तकीम शेख ही आपल्या संस्थेत सहा वर्षे संगणक निदेशक होती. प्रयोगशाळेतील नऊ जुने संगणक भंगारात निघाले, तेव्हा तिने सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांवर विंडोजऐवजी मोफत मिळणारे लिनक्स टाकले व ते पळू लागले. स्वतःच्या जुन्या मोबाईलवरही तिने तेच चढवले होते.

२) त्या मोबाईलच्या काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे निरगुडे साहेबांच्या नजरेस पडली. चाळीस मुलींसमोर ते म्हणाले, "बाई, हे हॅकिंगचे धंदे घरी करा." दुसऱ्याच दिवशी 'व्हायरस घुसवल्या'चा ठपका ठेवून तिला काढण्यात आले. तिचा खुलासा कोणी उघडलादेखील नाही. येवल्यात हातमागावर बसणाऱ्या तिच्या आईला शेजारणी विचारत्या झाल्या, "पोरीनं काय चोरलं गं?" हे अर्जदार विसरलेली नाही, विसरणारही नाही.

३) पुढे साहेबांनी कुठूनसा पेनड्राइव्ह आणून आठ संगणकांवर चोरीची विंडोज भरली. नवव्यालाही तोच लावून पाहिला, पण तो दाद देईना, म्हणून तसाच राहिला. गेल्या सोमवारी त्या आठांवर खंडणीची पाटी झळकली व सगळ्या फायलींना कुलूप लागले. आता साहेब चौकशी समितीला सांगतात, "जुन्या बाईंनीच सोडलंय ते."

४) आणि त्याच बाईंना फोन! "मॅडम, झालं गेलं गोदेला मिळालं. मुलींच्या कामासाठी पासवर्ड द्या." परंतु मुलींचे काम उघडण्यास तो लागतच नाही; प्रत्येकीचे स्वतंत्र खाते आहे. विद्यार्थिनी संजना हिने कळवले की सगळ्यांनी नवव्यावर ठेवलेल्या प्रती काढून घेतल्या. पासवर्डाआड उरली आहे ती नोंद : कोणता पेनड्राइव्ह, कोणत्या तारखेला, किती वाजता लावला. लिनक्स अशी नोंद ठेवते, हे साहेबांना उशिरा कळलेले दिसते.

५) सबब पासवर्ड साहेबांना दिलेला नाही. तो सीलबंद पाकिटात समितीच्या अध्यक्षा श्रीमती उज्ज्वला गांगुर्डे यांच्या हाती आज सकाळी दिला असून पाकीट शनिवारी उघडले जाईल.

६) अर्जदारास नोकरी परत नको, माफीही नको. पाकीट उघडताना साहेबांना समोर बसवावे व तिला दाराशी उभे राहू द्यावे. ती एक शब्द बोलणार नाही. फक्त बघेल.

आपली (केवळ आपलीच) नम्र,
फलक मुस्तकीम शेख
दि. १२ मार्च २०२५

सोबत : पाकिटाची पोच; न उघडलेल्या खुलाशाची प्रत.