कोर्टापुढचा दगड आणि आबांचं मरण

तीर्थस्वरूप मनकर्णाआत्यास गोकुळचा वाकून नमस्कार.

गुडघ्यांना तेल लावतेस का? इकडं आम्ही सगळे खुशाल, म्हणजे परवापासून खुशाल. त्याआधीचे चार दिवस विचारू नको. तू फोन बंद करून बसलीस म्हणून कागद घेतला. (तनुजा म्हणते, तुमचं अक्षर बघून आत्या आणखी रागावतील. पण बायकोचं किती ऐकायचं?)

आत्या, तुला कुणीतरी अर्धीच बातमी सांगितली. पुरी ऐक. माझ्या पोरीचं, श्रेयाचं करमाडच्या पावण्यांकडं जमलं, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. बोलता बोलता मला कुठली दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हणालो, आमचे आजोबा, आबा, निजामाच्या घोडदळातून पहिल्या महायुद्धावर गेले, पदक घेऊन आले, कोर्टापुढच्या दगडावर त्यांचं नाव हाय. (हे मला तूच सांगितलेलं. मी कधी वाचलं नव्हतं, सगळं उर्दूत.) मुलाचे आजोबा अप्पाराव नव्वदीला टेकलेले, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. ते म्हणाले, चला, आत्ताच बघू.

तो दगड तुला आठवत असंल. काळा, पुरुषभर उंच, फाटकाला लागून. लढाईवर गेलेल्यांची आठवण म्हणून उभा केला, पण आता पक्षकार त्याला पाठ टेकतात, वकील त्याच्यावर चहाचा कप ठेवतात, सव्वीस जानेवारीला कुणीतरी चुना फासतं. एका बाईनं तर खटला लवकर निकाली निघावा म्हणून शेंदूर लावून नारळ फोडला होता. (निघाला नाय.) आणि बरोब्बर मधोमध काकासाहेब टायपिस्टाची पाटी चिकटवलेली, 'टायपिंग, झेरॉक्स, नकला'. अप्पारावांनी चष्मा पुसला, उजवीकडून बोट फिरवलं आणि खड्या आवाजात वाचलं, "सखाराम वल्द कडुबा... काम आया." कडुबाचे सखाराम, म्हणजे आपले आबाच! मला वाटलं, वा रे आबा! कामाला आले, सरकारनं दगडावर शाबासकी दिली. मी पेढे आणायला निघालो, तर अप्पाराव हळूच म्हणाले, "पावणं, काम आया म्हणजे रणात पडला. सन सतरा." मग विचारलं, तुमचे वडील कोणत्या सालचे? मी म्हणालो, बत्तीसचे. (तू बेचाळीसची, ते मी बोललो नाही.) सगळे बोटं मोजायला लागले. एक बाई म्हणाल्या, "मंग ही माणसं हायेत तरी कुणाची?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पावणे चहा न घेता गेले.

श्रेया पुस्तक उघडून बसायची, पान काही उलटायचं नाही. तिच्याकडं बघवत नव्हतं, आत्या.

चौथ्या दिवशी मी जाऊन त्या दगडाशी भांडलो. खरंच भांडलो. म्हटलं, मला खांद्यावर बसवून लासूर स्टेशनच्या बाजाराला नेणारा माणूस मेलेला व्हता काय रे? आणि दिली एक थाप, तर पाटीच हातात आली! काकासाहेब बोंबलत धावला. पाटीबरोबर चुन्याचा पोपडा पडला अन् खाली आणखी अक्षरं. अप्पारावांना फोन लावला. ते नातवालाच गाडी काढायला लावून आले. (नवरदेव कोर्टात शिरताना बिचारा लई घाबरला होता.) दगडावर पाणी मारलं, बोटानं चाचपलं, आणि असे हसले की कवळी सांभाळावी लागली. मधले शब्द होते, 'का घोडा'. सखारामचा घोडा कामी आला! आबा जिवंत, आत्या! सतरा सालीही जिवंत, बेचाळीस सालीही जिवंत! अप्पारावांनी तिथंच काकासाहेबाच्या टेबलावर सुपारी फोडली. मी इतका मोकळा झालो की भर कोर्टापुढं रडलो. (एका वकिलानं विचारलं, निकाल विरोधात गेला का?)

तर आता राग सोड. तुझा बाप तुझाच आहे, सरकारी दगडावर कोरून.

तुझाच,
गोकुळ

ता. क. : अप्पारावांना तुझ्या देव्हाऱ्यातलं पदक बघायचंय. लांबूनच दाखव. त्याचा दसऱ्याला काढलेला फोटो मी उर्दू जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या कारकुनाला दाखवला. त्यावर लिहिलंय, 'मोती, घोडा नंबर एक्केचाळीस.' पदक कसलं, लगामाचा बिल्ला आहे. शंभर वर्षं आपण घोड्यालाच हळदकुंकू वाहतोय.

आणखी एक : आबा स्वतःच्या लग्नातही पायी गेले, घोड्याला भितात म्हणून लोक हसायचे. तूच सांगायचीस, दारावरून कुणाची वरात गेली की नवरदेव सोडून घोड्याच्या पाया पडायचे. मला ते आत्ता कळलं. आपला नवरदेव घोड्यावर येणार आहे. बिल्ला घेऊन ये, आणि त्याच्या आधी घोड्याला ओवाळ. आबांची लेक म्हणून आता तू एकटीच उरलीस.