अर्ध्या ओव्यांचा भाऊ

राऊ, इंदूर
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप सौ. इंदूताई हिच्या चरणी धाकट्या श्रीहरीचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे सध्या मनातल्या मनातच घातलेला).

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे सर्व खुशाल आहेत, म्हणजे वसुधा आणि ईशा खुशाल आहेत, माझं पुढे येईलच. गेली चार वर्षं आपण रोज सकाळी एकमेकांना फोनवर चित्रं पाठवतो, तू गुलाब, मी सूर्योदय, आणि त्यापलीकडे एक अक्षर नाही. म्हणून मुद्दाम कागदावर लिहितोय. कागदावर त्या निळ्या खुणा उमटत नाहीत, त्यामुळे तू वाचूनही गप्प बसलीस तर मला आपलं टपालखात्याला नावं ठेवता येतील.

ईशाचं लग्न ठरल्याचं तुझ्या कानावर आलं असेलच (पत्रिका रीतसर येईल). मुलगा परेश, मल्हारगंजातल्या अरविंदरावांचा. तीन पिढ्या इंदुरात गेल्यामुळे त्यांच्या मराठीत क्रियापद तेवढं मराठी उरलंय, पण माणसं लाख मोलाची. पहिल्याच बैठकीत विहीणबाई कमलताई पोह्यांवर शेव पेरता पेरता म्हणाल्या, "आमच्याकडे तर हळद दळायच्या घाण्याला आजकल डीजेच लावतात हो. तुमच्याकडे काही खास असते का?" झालं. तुला तुझा भाऊ माहीत आहे. आमच्याकडे जात्यावर जोडीच्या ओव्या होतात, एकीने ओवी उचलायची आणि समोरचीने पुरी करायची, इथून जो सुरू झालो तो अर्धा तास थांबलो नाही. एकटी बाई गाते तेव्हा ती आपलं दुःख सांगते, पण दोघी मिळून गायला लागल्या की त्याच दुःखाच्या गप्पा होतात, असंही काहीसं बोलून गेलो (मी पदार्थविज्ञान शिकवतो हे लक्षात घेता बरं जमलं होतं). सगळे भारावले. मग कमलताईंनी विचारलं की गाणार कोण, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आहे ना!" घाणा सवाष्णींनी भरायचा असतो, ही माहिती वसुधेने मला परतताना गाडीत दिली.

आता खरी अडचण ऐक. मला ओव्या येतात, पण अर्ध्याच. लहानपणी आई आणि काकू समोरासमोर दळायला बसायच्या तेव्हा मी आईला टेकलेला असायचो आणि तू काकूच्या बाजूला. आईचा आवाज लागला की मी कान टवकारायचो, काकूची पाळी आली की सुपातले दाणे तोंडात टाकायचो, आणि दाणे चावताना कानात दुसरं काही शिरत नाही. त्यामुळे आईच्या सगळ्या सुरुवाती मला पाठ आहेत आणि काकूचे सगळे शेवट तुझ्याकडे. शिवाय आपल्या ओव्या बहिणीने भावाची वाट पाहण्याच्या. त्या मी गायच्या म्हणजे मीच दारात उभं राहून माझी वाट पाहायची.

वसुधेला जोडीला बस म्हटलं, तर "मला नाही जमत हं, तुम्हालाच भोत शौक आहे, तुम्हीच करा," म्हणून तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग मी आईची ओळ फोनमध्ये भरून घेतली आणि तिला स्वतःच उत्तर देऊ लागलो. शेवट मीच रचत होतो. 'अंगण मी सारविलं, उभी राहिले दारात' या ओळीला मी जोड दिली, 'बंधू माझा येतो बाई, तो आहे फार हुशार.' यमक जुळलं नाही, पण माहिती खरी होती. तीन महिने न्हाणीघरात, गच्चीवर, कॉलेजला जाता-येता हेच चाललं होतं.

साखरपुड्याला मल्हारगंजात पोचतो तो कमलताईंनी कुठून तरी जातं आणून बैठकीच्या मधोमध मांडलेलं. "चला भियाजी, एक नमुना होऊन जाऊ द्या!" (व्याह्याला भियाजी इंदुरातच म्हणत असतील.) मी नवं पांढरं झब्बा-धोतर सावरून बसलो आणि ऐटीत पसाभर हळकुंडं एकदम आत लोटली. जातं अडलं. मी जोर केला, तसा खुंटा उपटून माझ्या हातात आला आणि तळीवरची भुकटी माझ्या तोंडावर. नवरदेवाआधी हळद मला लागली. परेशच्या मित्रांनी फोटो काढले. खुंटा ठोकून पुन्हा बसलो, पहिली ओळ म्हटली आणि सवयीने समोर पाहिलं. समोर कोणी नव्हतं. ऐन वेळी माझे रचलेले शेवटही पळाले. मग दुसऱ्या ओवीची पहिली ओळ घेतली, मग तिसरीची. पाच ओव्या झाल्या; पाचही बहिणी दारात उभ्या, आणि भाऊ एकाही ओवीत पोचेना. शेवटी अरविंदराव खरोखरच्या काळजीने म्हणाले, "अरे भिया, तो भाऊ आला की नाही अजून? एक फोन तर लावून पाहा."

लोक हसून लोळत असताना शेजारची कस्तुरीमावशी उठली. ऐंशीची माळवी म्हातारी, मराठीचा गंध नाही. ती समोर बसली, माझ्या मुठीखाली मूठ धरली आणि माझ्या अर्ध्या ओवीला माळवीत उत्तर दिलं. त्यातला 'वीरा' एवढा एकच शब्द मला कळला, म्हणजे तिच्याकडेही भाऊच चालला होता. पण ताई, जातं असं हलकं झालं म्हणून सांगू! ती गायची तेव्हा मला दम खायला मिळायचा आणि मी गायचो तेव्हा ती माझ्याकडे बघत ऐकायची. हसणारे सगळे जात्याभोवती सरकून बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (हळद गेली असं सांगितलं).

जोडीच्या गाण्यात समोरची गात असताना आपण तोंड मिटून ऐकायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली. तुझ्या सुजयच्या लग्नात तू घाण्याला गात होतीस, तुझ्या विहिणी ऐकत होत्या, आणि मी दारातून ओरडलो, "ताई, ओळ चुकली!" तू खुंटा सोडून उठलीस आणि म्हणालीस, "मग तूच म्हण." ओळ तुझीच बरोबर होती. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, सांगायला चार वर्षं लागली. चुकलो गं.

तेव्हा वैशाखात ये. ईशाच्या हळदीला काकूचे शेवट तुझ्याशिवाय कोण म्हणणार? भावोजींना नमस्कार, सुजयला आशीर्वाद, आणि तुझा राग उरला असेल तर तोही घेऊन ये, घर मोठं आहे.

तुझा,
श्रीहरी

ता. क. पत्र पाकिटात घालताना वसुधेने वाचलं आणि हसत सुटली. मी कॉलेजात असताना ती तीन महिने रोज दुपारी तुझ्याशी फोनवर ओव्यांचा सराव करते आहे, असं आत्ता समजलं. आईच्या सुरुवाती तिने न्हाणीघराबाहेर उभं राहून माझ्याकडूनच उचलल्या म्हणे. नणंद-भावजयीची जोडी ठरली आहे, तुझं तिकीट निघालं आहे, आणि तुझी अट एकच आहे, की घाण्याच्या वेळी श्रीहरी खोलीबाहेर पाहिजे. अट मान्य आहे.

ता. क. २ दार मात्र पूर्ण लावून घेऊ नका.

ता. क. ३ वेळ कमी पडला तर भावाच्या ओव्या गाळल्यात तरी माझी हरकत नाही.

ता. क. ४ हरकत आहे. एक तरी म्हण, ताई.