म्हशाच्या जत्रेतलं बोलणं

किन्हवली,
२५ नोव्हेंबर २००१

ती. स्व. दादास,
देवकीचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू येऊन गेलास, पण घर माणसांनी भरलेलं आणि हे शेजारीच बसलेले, म्हणून सांगायचं ते पोटातच राहिलं. आता लिहिते. वाचून झालं की फाडून टाक.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मी राहीला पंधरा हजार रुपये दिले. सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या आम्ही, तुला माहीतच आहे. आता तुमच्या टोकावड्यातच रस्त्याला तिचा धाबा. वादळात धाब्याचे पत्रे उडाले म्हणून रडत आली होती. मी आईनं दिलेल्या पाटल्या मोडल्या. यांना सांगितलं नाही. यांना वाटतं पाटल्या पेटीत आहेत.

दिवाळीला देते म्हणाली होती. ती दिवाळी गेली, आता ही पण गेली. आधी म्हणाली घाटात दरड पडली, गाड्या बंद, धंदा नाही. मग नणंदेचं बाळंतपण निघालं. आता म्हणते, पैसे बँकेत आहेत पण पासबुक सापडत नाही. पासबुकावाचून कोणाचे पैसे असे महिनोन्‌महिने अडतात का रे?

आपल्या पूजाच्या नर्सिंगच्या कोर्सचा दुसरा हप्ता जानेवारीअखेर भरायचा आहे. तेवढेच पंधरा हजार. पोरगी कल्याणला खोली करून राहते, हातानं शिजवून खाते. तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तू गावातलाच, तुझा शब्द राही मोडणार नाही. एकदा जाऊन ये.

वहिनींना नमस्कार, ओमकारला पापा. माझ्या पाठीवर तुझा हात आहे, तो तसाच असू दे.

तुझी धाकटी,
देवकी


टोकावडे,
२२ डिसेंबर २००१

चि. सौ. देवकीस,
नवसूचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण एव्हाना तुझ्या कानावर आलंच असेल. ग्रामपंचायतीला उभा राहिलो आणि नऊ मतांनी पडलो. तुझी वहिनी म्हणते, नऊ माणसं तर आपल्या भावकीतच रुसून बसली होती. असो. आता कानाला खडा.

तुझ्या कामाला दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला राही म्हणाली, भाताचे पैसे यायचेत, आले की देते. दुसऱ्या खेपेला म्हणाली, नवऱ्याच्या मुतखड्याचं ऑपरेशन निघालंय. तिचा सुनिल तर मला परवाच सायकलवर दोन पोती घेऊन जाताना दिसला. आता काय ते तूच समज.

पण तूही कमाल केलीस. लहानपणी चिंचोके उसने दिलेस तरी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायचीस, आणि पंधरा हजार बिनचिठ्ठीचे दिलेस! जास्त तगादा लावू नकोस. धंद्याची माणसं, चिडली तर एक पैसा सोडणार नाहीत. तू तिच्याकडे जाऊ नकोस, फोनही करू नकोस. माझ्यावर सोड.

पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेला ये. घोंगडी घ्यायची आहे, तुझ्या पसंतीशिवाय वहिनीला पटत नाही. सगळ्यांना आमची आठवण सांग.

तुझा दादा,
नवसू


टोकावडे,
२ फेब्रुवारी २००२

प्रिय देवकी,
नमस्कार.

लिहू का नको, चार दिवस इचार केला. जत्रेत बांगड्यांच्या दुकानापुढं तू माझा हात धरलास, मला वाटलं भेटायला धरलास. मग तू बोललीस. माझ्या पोरीच्या फीचे पैसे खाऊन धाब्याला रंग लावलास, म्हणालीस. आमच्या गावच्या धा बाया होत्या तिथं. माझी सासू होती.

देवकी, तुझे पैसे मी दिलेत गो. डिसेंबरच्या पाच तारखेला नवसूदादा धाब्यावर आला, देवकीनं पाठवलंय म्हणाला. पत्र्यांसाठी सावकाराचंही घेतलं होतं, ते फिटल्यावर आमी तुझ्यासाठीच साठवत होतो. पंधराच्या पंधरा हजार त्याच्या हातावर ठेवले. सुनिलनं मोजले, दादानं मोजले. चिठ्ठी मागितली नाय. तुझ्या सख्ख्या भावाकडं चिठ्ठी कशी मागू?

तू बोलत होतीस तेव्हा दादा तुझ्या पाठीमागं घोंगडी खांद्यावर घेऊन उभा होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. आता बोलेल, आता बोलेल. तो बांगड्या बघत राहिला. मी तिथं तोंड उघडलं असतं तर भावाबहिणीचं भर जत्रेत तुटलं असतं, म्हणून गप आले. वाटलं, घरी गेल्यावर सांगेल. काल तुझा निरोप आला, पोलिसात जाते म्हणून. तेव्हा समजलं, त्यानं घरीही सांगितलं नाय.

आधी मी खोटं बोलले, ते कबूल. दरड खरी होती, पासबुक खोटं होतं. हातात पुरे जमले नव्हते, आणि तुला तसं सांगायची लाज वाटायची. त्याबद्दल मला काय पण बोल. पण जत्रेत बोललीस ते माझ्या वाटणीचं नव्हतं.

राही


किन्हवली,
५ फेब्रुवारी २००२

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

राहीचं पत्र आलं. ती म्हणते, पाच डिसेंबरला पैसे तुझ्या हातात दिले.

वाचून आधी मला तिचाच राग आला. एवढी कारणं पुरली नाहीत म्हणून आता माझ्या भावाचं नाव घेते! त्या रागात यांना सगळं सांगून बसले, पाटल्यांसकट. हे एवढंच म्हणाले, की निवडणुकीत नवसूच्या दोन जीपा फिरत होत्या, त्या कोणाच्या पैशावर?

दादा, हे खोटं आहे, एवढं एका ओळीचं कार्ड पाठव. मी राहीचं पत्र चुलीत घालीन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

पोस्टमनची वाट बघत असलेली,
देवकी


टोकावडे,
१७ फेब्रुवारी २००२

चि. सौ. देवकीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

राही खरं बोलते.

पैसे घेऊन धाब्यावरून निघालो तेव्हा तुझ्याकडेच यायचं मनात होतं. मतदानाला अकरा दिवस होते. घरी माणसं बसलेली, जीपवाला पैशाशिवाय गाडी हलवीना. म्हटलं, दोन दिवसांपुरते घेऊ. मग मटण झालं, मग दुसरी जीप. निवडून आलो तर कुठूनही उभे करू, असं वाटत होतं. भाताचे पैसे, मुतखडा, सगळं मी घरी बसून रचलं. तुला चिडवत लिहिलं, त्याची आता शिसारी येते.

जत्रेत राही माझ्याकडे बघत होती. मी बोलणार होतो. तेवढ्यात तू तिला म्हणालीस, माझा दादा दोनदा तुझ्या दारात आला. माझा दादा, असं म्हणालीस, आणि माझं तोंड मिटलं.

मोटरसायकल विकून नऊ हजार आले. तुझ्या यजमानांना, ज्ञानेश्वररावांना, कारखान्याच्या गेटवर गाठून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोजले नाहीत. उरलेले सहा गवत विकलं की देतो. तुझ्या दारात यायचं धाडस नाही. तू सांगशील ते करीन.

नवसू


किन्हवली,
२४ मार्च २००२

दादास नमस्कार.

पूजाचा हप्ता दंडासकट भरला. कमी पडले ते यांनी कारखान्याच्या सोसायटीतून उचलले. तुझ्या गवताचे आले की तिकडेच जातील.

तू सांगशील ते करीन म्हणालास, म्हणून मागं टाकलेल्या कार्डावर मी एकच गोष्ट मागितली होती. वहिनीनं कळवलं की तू ती केलीस. बाजाराच्या दिवशी धाब्यावर उभं राहून, राहीच्या सासूच्या देखत, सगळ्यांना खरं काय ते सांगितलंस. घरी येऊन दोन दिवस जेवला नाहीस म्हणे. वाईट वाटलं, दादा. पण तुला सांगायला नको होतं, असं काही वाटलं नाही.

परवा मी स्वतः राहीकडे गेले. तू शेतावर असशील अशा वेळी टोकावड्याला उतरले, हे लपवत नाही. धाब्यावर गिऱ्हाईक नव्हतं. ती भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, राही, चुकले गो. पाया पडायला वाकले तर तिनं पिठाच्या हातांनीच मला धरलं, पडू दिलं नाही. बस म्हणाली. पूजाची चौकशी केली. हप्ता भरला ऐकून, बरं झालं म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली, मी ओळखते ना तिला. मग आलं घालून चहा केला, मला लागतो तसा. आम्ही दोघी समोरासमोर बसून प्यालो. मला वाटलं, सुटलं सगळं.

एसटी दिसली तशी मी उठले. ती गल्ल्यावर जाऊन बसली होती. चहाचे तीन रुपये झाले, म्हणाली. मला आधी कळलंच नाही. माझ्याकडे पाचाची नोट होती, ती दिली. तिनं दोन रुपये सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले.

देवकी