फर्मे माधवरावास देऊ नयेत

माझा धाकटा भाऊ माधवराव दत्तोपंत उदगीरकर याने गेल्या सोमवारी आपल्या फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगितले, "ताईचं डोकं आता ठिकाणावर राहिलं नाही. तिच्या खुर्चीचे फर्मे आम्हीच उचलून आणणार आहोत." त्याची पाठ दाराकडे होती आणि दारात मी उभी होते. तिथूनच घरी आले. हे मृत्युपत्र लिहिण्यास एवढे कारण पुरे आहे.

मी, प्रमोदिनी दत्तोपंत उदगीरकर, वय एकसष्ट, अविवाहित, हैदराबादेत बी. ए. झालेली, कन्याशाळेतील निवृत्त चित्रकला शिक्षिका, घरी लाकडी सामानाची आखणी करणारी, राहणार लातूर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. किशनराव यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार, महिना आणि मुख्यमंत्र्यांचे नाव विचारले. मी त्यांना त्यांच्या दवाखान्यातले बाक किती इंच उंच आहे आणि म्हाताऱ्या बायकांना त्यावरून का उठता येत नाही, ते सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

कलम १. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माधवरावाची पत्नी चंद्रप्रभा हिच्या एकटीच्या नावे व्हावे. नवऱ्याच्या सांगण्यावरून तिने ते विकल्यास माझा आत्मा वगैरे काही तळमळणार नाही, पण ती मूर्ख ठरेल. बँकेतील शिल्लकही तिचीच.

कलम २. माधवरावास त्याच्याच कारखान्यातील एक खुर्ची द्यावी. ती माझ्या ओसरीत पडून आहे. त्याने तिच्यावर रोज बसावे.

या खुर्चीच्या लाकडाची हकिकत नोंदवून ठेवते. लातूर जिल्हा झाला तशा इथे कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांना टेबले लागली. त्यातच दुष्काळ. शिवारातली बाभूळ, लिंब उभ्या उभ्या वाळली आणि लोकांनी मिळेल त्या भावाने तोडून विकली. माधवरावाने ट्रकच्या ट्रक घेतले. मी म्हणाले, "लाकूड मुरू दे. निदान दोन उन्हाळे." तो म्हणाला, "ताई, दुष्काळानंच मुरवून दिलंय. बघ की, खडखडीत आहे." वरून खडखडीत होते. दुष्काळात वाळलेले झाड गाभ्यात ओल धरून बसते, हे त्याला पटले नाही. कापून, ठोकून, वर सनमायका चिकटवून माल पोचता केला. वर्षभरात फळ्या पिळल्या आणि सनमायकाला फुगे आले. एका कचेरीतले खण उघडेनात, म्हणून शिपाई पहारीने उघडू लागले. आणि त्या प्रत्येक टेबलावर पितळी पट्टी: "प्रमोदिनी फर्निचर". मला विचारले नव्हते. लोक पहार घेऊन त्याच्याकडे गेले नाहीत, माझ्या दारी आले.

म्हणून माझे नाव त्याने यापुढे कोणत्याही वस्तूवर लावू नये. लावल्यास हे कलम त्याच्या दुकानाच्या दारावर चिकटवण्याचा अधिकार मी चंद्रप्रभेस देते.

कलम ३. माधवराव मासिकातले चित्र पाहून वस्तू करतो. दिवा बंद असताना दुकानात कसा दिसतो, ते तो आधी पाहतो. दिवा लावल्यावर काय दिसते, ते मी पाहते. माझ्या टेबलावरच्या दिव्याला काळ्या पत्र्याची टोपी आहे. उजेड हातावर पडतो, डोळ्यांत जात नाही. त्याने तिला "तव्यासारखी" म्हटले होते. तो दिवा त्याला मिळू नये. तो कन्याशाळेच्या वाचनालयास द्यावा.

कलम ४. रंधे, करवती, पटाशा ही हत्यारे संगप्पा सुतार यास द्यावीत. त्याने माझ्याशी बावीस वर्षे भांडण केले आणि काम बिघडवले नाही. पितळी कडेचा गुण्या यातून वगळला आहे. मी जिवंत असेपर्यंत तो कोणाच्या हातात जाणार नाही. काटकोन पाहायला दिलेला गुण्या लोक हातोडी म्हणून वापरतात.

कलम ५. बैठ्या खुर्चीचे सर्व फर्मे, म्हणजे ज्यावरून रेघ मारून लाकूड कापतात ते प्लायवुडचे नमुने, शिरूर अनंतपाळ येथील पंचशीला नरसिंग कांबळे हिला द्यावेत.

ही खुर्ची मी माझ्या आईसाठी काढली. जमिनीवर बसून धान्य निवडता निवडता तिचे गुडघे गेले, आणि बाजारातल्या खुर्चीवर तिला मांडी घालता येईना. भांडी विसळलेल्या पाण्याने वाळू भिजवून मी पोते भरले, तिला त्यावर बसवले आणि ठशावरून माप घेतले. नंतर गल्लीतल्या बायकांचे ठसे घेतले. माझी खुर्ची अशी आली. ती पुस्तकातून आलेली नाही.

पंचशीला माझी आवडती विद्यार्थिनी नव्हती. शाळेत तिच्या रेघा वाकड्या असत आणि तोंड सरळ. पुढे तिने पॉलिटेक्निक केले. आता तिची स्वतःची शेड आहे. जिल्ह्याच्या प्रदर्शनात ती माझ्या खुर्चीवर मांडी घालून बसली, हलून पाहिले आणि भर गर्दीत म्हणाली,

"बाई, खुर्ची लई देखणी हाय. पण एसटीच्या टपावर चढवायची कशी?"

"खुर्चीला एसटीने कुठे जायचे आहे?"

"मालकीण जाईल तिथं. आमच्याकडची निम्मी गल्ली ऊसतोडीला गेली. तुमची खुर्ची दारातच राहिली असती. पाय सुटे करा, खुंटीवर बसवा."

"खुंटीचा पाय डुगडुगतो."

"डुगडुगला तर ठोकता येतो. तुमचा मोडला तर फेकावाच लागतो."

मी तिला उद्धट म्हणाले. आजही म्हणते. माधवराव त्याच खुर्चीची आरती करत होता आणि मनात माप घेत होता. मला तोंडावर नावे ठेवणारी माणसे परवडतात.

कलम ६. वरील फर्म्यांत पंचशीला हिने कोणताही फेरबदल करू नये. उंची, रुंदी व पाठीचा कल मी ठरवला तसाच राहावा.

कलम ७. फर्मे माझ्या मरणाची वाट न पाहता आजच सुपूर्द करावेत. माधवराव स्मशानातून परस्पर टेम्पो घेऊन येईल, याची मला खात्री आहे.

हे सर्व मी कोणाच्या दडपणाखाली लिहिलेले नाही. राग आहे, पण तो शुद्धीतला आहे.

सही: प्रमोदिनी दत्तोपंत उदगीरकर
साक्षीदार: १. डॉ. किशनराव (सही) २. हणमंतराव, निवृत्त हेडक्लार्क (सही)
लातूर, दि. २५ ऑक्टोबर १९८६

सुपूर्द केल्याची नोंद, त्याच दिवशी

पंचशीला दुपारच्या एसटीने आली. हणमंतरावांनी मृत्युपत्र वाचून दाखवले. कलम ६ झाल्यावर ती उठली.

"फर्मे ठेवा तुमच्यापाशी, बाई."

"का?"

"माझ्या आईचे गुडघे तुमच्या आईवाणी न्हाईत. तिला खुर्ची दोन बोटं उंच लागती. हे कलम असंल तर मी तिला काय सांगू, खाली पाट घे?"

हणमंतराव म्हणाले, "पोरी, बाईंनी एवढं विश्वासानं दिलंय."

ती म्हणाली, "विश्वास असता तर कलम लिहिलं नसतं."

कलम ६ मी माझ्या हाताने खोडले. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

पंचशीला हिला मिळाले: बैठ्या खुर्चीचे फर्मे, पाय, पाठ, हात व बैठक, संपूर्ण.

तिने पायाचा फर्मा दुसऱ्या फळीवर ठेवला आणि दोन बोटे वाढवून तिथेच पेन्सिलीने नवी रेघ मारायला घेतली. रेघ शाळेतल्यासारखीच तिरकी जात होती.

पितळी कडेचा गुण्या, एक. हाही आज दिला.

मिळाले. पंचशीला नरसिंग कांबळे (सही)