आईच्या पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट

ऑकलंड

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टरांनी नुसतं पडून राहायला सांगितलंय. तुझे गुडघे कसे आहेत? ज्वारी काढून झाली का?

तुला मला आणि कॅनडातल्या अमृतदादाला एकाच फेरीत भेटायचंय, म्हणून जगाला वळसा घालणारं स्वस्त तिकीट शोधलं. त्यात मागे फिरता येत नाही आणि तारखा आधीच ठरवाव्या लागतात. बाळ कधी येईल ते मी आधी कसं सांगू?

शिवाय इथून शुक्रवारी रात्री निघालीस, तर दादाकडे शुक्रवारीच दुपारी पोचशील. निघण्याआधीच पोचायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यात तू फोनवर विचारलंस, "मग उपास दोनदा धरायचा व्हय?"

दादा म्हणाला, "आईला आधी माझ्याकडं पाठव." तसं करून पाहिलं, तर वाटेत एक दिवसच गायब झाला!

शेवटी काल तुझं सरळ माझ्याकडचं तिकीट काढलं. दादाला म्हटलं, "आईला बघायचंय ना? मग तूच इकडं ये." तो येतोय.

तू मात्र त्याच्या आधी ये, आई. मला भीती वाटते.

तुझी,
धनू